हरणांचा हिशेब : पेनसिल्व्हेनियातील शिकारीचा इतिहास

शिकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हत्तीवरचा हौदा, हाकारे घालणारी माणसे आणि एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेले वाघाचे मुंडके येते. शिकार हा राजेरजवाड्यांचा आणि साहेबाचा शौक, अशीच आपली समजूत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात तो शौकही इतिहासजमा झाला. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात राहायला आलेल्या मराठी माणसाला थँक्सगिव्हिंगच्या सुमारास जे दिसते त्याचा अर्थ चटकन लागत नाही. ऑफिसातला शांत स्वभावाचा सहकारी, मुलांच्या शाळेतले शिक्षक, गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक, सगळेच नारिंगी जाकीट घालून उत्तरेच्या डोंगरांत नाहीसे होतात. १९६३ पासून २०१८ पर्यंत हरणाच्या हंगामाचा पहिला दिवस थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार असे, आणि कित्येक शाळांना त्या दिवशी चक्क सुटी मिळत असे. २०१९ पासून हंगाम शनिवारी उघडू लागला, एवढाच फरक.

ही राजेशाही शिकार नव्हे. पोलादाच्या कारखान्यातल्या आणि कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची ही शिकार आहे. तिचा इतिहास पाहिला तर जंगल कोणाचे, त्यातले प्राणी कोणाचे आणि त्या ‘कोणा’त बाहेरून आलेल्या माणसाची गणना होते की नाही, असे आपल्या जिव्हाळ्याचे प्रश्न त्यात सापडतात.

उधळपट्टीचे शतक

अठराव्या शतकात हरणाचे कातडे हे अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातले जवळजवळ चलनच होते. मूळ रहिवासी कातडी आणून देत आणि बदल्यात बंदुका, कापड, दारू घेत. १७४८ साली पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा दुभाषी कॉनराड वायझर याने दारूच्या पिंपाची किंमत ‘बक’मध्ये, म्हणजे नराच्या कातड्यांत लिहून ठेवली आहे. आज आपण डॉलरला ‘बक’ म्हणतो त्याचे मूळ इथेच असावे असे मानतात.

पुढे गोरे वसाहतवाले डोंगरात शिरले. फिलिप टोम नावाच्या शिकाऱ्याने १८५४ साली आपल्या तीस वर्षांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. आपल्यापैकी अनेक कुटुंबे शरद ऋतूतले रंग पाहायला ज्या पाइन क्रीकच्या दरीत जातात, तीच त्याची कर्मभूमी. रात्री होडीच्या टोकाला मशाल पेटवायची, पाण्यावर आलेले हरीण उजेडाने दिपून उभे राहिले की गोळी घालायची, ही त्या काळची रीत. कुत्र्यांनी हरीण पाण्यात हाकलणे आणि मिठाच्या चाटणाशी दबा धरणे याही रूढ पद्धती. माणसे थोडी आणि जंगल अफाट होते तोवर हे खपून गेले.

मग लाकूडतोड्यांची आणि आगगाडीची पाळी आली. विल्यम्सपोर्ट हे लाकडाच्या धंद्याचे मोठे केंद्र बनले. आधी पांढरा पाइन गेला, मग हेमलॉक. हेमलॉकच्या सालीत कातडी कमावण्याचे द्रव्य असते, त्यामुळे पुष्कळदा साल सोलून घ्यायची आणि खोड तसेच कुजू द्यायचे असेही होई. त्याच आगगाडीने हरणाचे मांस शहरांच्या बाजारात जाऊ लागले. विक्रीसाठी मारणाऱ्याला मर्यादा नसते, कारण त्याचे पोट भरले तरी बाजाराचे भरत नाही. एकोणिसावे शतक संपता संपता उत्तरेचे डोंगर उघडेबोडके झाले होते. तोडीनंतर उरलेल्या फांद्यांना वणवे लागत. लोक त्या भागाला ‘पेनसिल्व्हेनियाचे वाळवंट’ म्हणू लागले. एल्क आणि लांडगे राज्यातून नाहीसे झाले. हरणे इतकी विरळ झाली की हरणाचा माग दिसणे ही गावात सांगण्याजोगी बातमी होई.

कायद्याचे युग

१८९५ साली राज्याने दोन गोष्टी केल्या. वनखात्याचे पहिले आयुक्त म्हणून डॉ. जोसेफ रॉथरॉक यांची नेमणूक झाली, आणि वन्यजीवांसाठी गेम कमिशन स्थापन झाले. १८९७ मध्ये हरणामागे कुत्रे सोडणे, मिठाचे चाटण वापरणे आणि बाजारासाठी शिकार करणे यांवर बंदी आली. १९०० साली केंद्राच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेला प्राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणे गुन्हा ठरवला. १९०५ पासून राखीव क्षेत्रे निर्माण झाली. १९०६ मध्ये मिशिगनहून हरणे विकत आणून सोडण्यात आली, तर १९०७ पासून मादीला अभय मिळाले. १९१३ मध्ये रहिवाशांसाठी एक डॉलरचा शिकार परवाना सुरू झाला, आणि त्या पैशांतून पुढे १९२० पासून आयोग स्वतःच्या जमिनी विकत घेऊ लागला. आज या जमिनी सुमारे पंधरा लाख एकर आहेत. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. आयोगाला राज्याच्या सर्वसाधारण करांतून पैसा मिळत नाही. आपण गेम लँडवर पायी भटकतो तेव्हा ती जमीन बहुधा कोणा गिरणी कामगाराच्या परवान्याच्या पैशातून घेतलेली असते.

ही झाली अभिमानाची बाजू. याच काळाची दुसरी बाजूही आपण वाचली पाहिजे.

‘परक्यांनी बंदूक बाळगू नये’

त्या वर्षांत इटलीहून आणि पूर्व युरोपातून हजारो मजूर खाणींत आणि रेल्वेवर कामाला आले होते. रविवारी ते रानात जात आणि गाणारे लहान पक्षीसुद्धा मारून खात, अशी ओरड होती. १९०६ साली लॉरेन्स काउंटीत सीली हाउक या वन्यजीव रक्षकाचा खून झाला. त्या प्रकरणी पुढे एका इटालियन माणसाला फाशी झाली. मे १९०९ मध्ये कायदा झाला : नागरिकत्व न घेतलेल्या परदेशी रहिवाशाने जीव किंवा मालमत्ता वाचवण्याखेरीज कोणताही वन्य पक्षी वा प्राणी मारू नये, आणि त्यासाठी शॉटगन किंवा रायफल बाळगूही नये. दंड पंचवीस डॉलर आणि बंदूक जप्त.

जोसेफ पॅटसोन या इटालियन माणसाला असा दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१४ साली हरला. निकाल न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिला. राज्याने आपले वन्य प्राणी आपल्या नागरिकांसाठी राखून ठेवायला हरकत नाही, आणि धोका विशेषकरून परदेशी वर्गाकडून आहे असे विधिमंडळाला वाटले असेल तर न्यायालय त्यात पडणार नाही, असा त्याचा आशय. विल्यम हॉर्नाडे या नामांकित निसर्गरक्षकाने तर सगळ्याच राज्यांनी असा कायदा करावा असे म्हटले होते.

‘नागरिकत्व घ्या आणि मग शिकार करा’ हे इटालियन माणसाला निदान शक्य तरी होते. आपल्या लोकांची स्थिती अशी नव्हती. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले, आणि १९४६ च्या लूस-सेलर कायद्यापर्यंत ते दार बंदच राहिले. म्हणजे नागरिकत्वाची अट घालणारा प्रत्येक कायदा भारतीय माणसापुरता कायमचा मनाई हुकूम ठरत होता. हरणे वाचली हे खरे. पण ती वाचवताना ‘आपले’ आणि ‘परके’ अशी रेघ मारली गेली, हेही खरे. यातले एक सांगून दुसरे गाळणे योग्य होणार नाही.

यशाची अडचण

तोडलेल्या डोंगरांवर कोवळे रान माजले, आणि हरणाला याहून चांगले खाद्य नाही. भक्षक उरले नव्हते आणि माद्यांना अभय होते. गणित साधे आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि सशक्त मादीला बहुधा जुळी होतात. तेव्हा फक्त नर मारल्याने वाढ थांबत नाही. रान मोठे होऊन झाडांची सावली पडली, तसे खालचे खाद्य संपले आणि हिवाळ्यात हरणे उपासमारीने मरू लागली. १९२८ साली आयोगाने नरांचा हंगाम बंद ठेवून माद्यांचा उघडला, तेव्हा शिकारी खवळले. एका पिढीला ‘मादी मारणे पाप’ असे शिकवून पुढच्या पिढीला ‘मादी मारा’ सांगायचे, हे सोपे नव्हते.

अस्वलाची कथा वेगळी. काळ्या अस्वलाची पिल्ले जानेवारीत गुहेत जन्मतात आणि वाढ सावकाश होते. त्यातच १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या बुरशीच्या रोगाने पुढच्या काही दशकांत चेस्टनटची कोट्यवधी झाडे मारली, आणि शरदातले खात्रीचे खाद्य गेले. १९७०, १९७७ आणि १९७८ मध्ये राज्याला अस्वलाचा हंगाम बंद ठेवावा लागला. गॅरी ऑल्ट या तरुण शास्त्रज्ञाने अस्वलांच्या गुहांत शिरून पिल्लांना बिल्ले लावले, मोजदाद केली. अनाथ पिल्लू दुसऱ्या आईच्या पदरात घालताना वास ओळखू येऊ नये म्हणून तो चक्क व्हिक्स चोळत असे! मारलेले प्रत्येक अस्वल तपासणी नाक्यावर आणायचे, वय कळण्यासाठी त्याचा एक दात काढून घ्यायचा, अशा शिस्तीने संख्या काही हजारांवरून पंधरा हजारांच्या वर गेली.

१९९९ मध्ये याच ऑल्टकडे हरणांचे काम आले. जंगलात नवी रोपे उगवत नाहीत, हरणे ती खाऊन टाकतात, म्हणून माद्या कमी करा, हे त्याने गावोगाव सभा घेऊन सांगितले. २००२-०३ च्या हंगामात पाच लाखांहून अधिक हरणे मारली गेली. ज्यांनी अस्वलांसाठी त्याला डोक्यावर घेतले होते त्यांतलेच काही आता धमक्या देऊ लागले. २००४ च्या अखेरीस त्याने नोकरी सोडली.

आपला संबंध काय?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शाकाहार किंवा अहिंसेचा संस्कार आहे, आणि तो सोडावा असे मुळीच सुचवायचे नाही. पण ‘शिकार वाईट’ म्हणून तोंड फिरवल्याने हरणांचा प्रश्न सुटत नाही. परसातली झाडे खाणारे, रात्री गाडीसमोर येणारे आणि ज्याच्या अंगावर लाइम रोग पसरवणारी गोचीड पोसली जाते ते हरीण हेच. १९८० च्या सुमारास राज्यात बारा लाखांवर परवाने विकले जात, आज दहा लाखही जात नाहीत. शिकारी कमी झाले की जंगल राखण्याचा पैसाही आटतो. तो कोणी भरायचा, याचे उत्तर रानात फुकट फिरणाऱ्या आपल्यासारख्यांनीच द्यायला हवे. १९९१ पासून शिकारी आपल्या वाट्याचे मांस गरिबांच्या अन्नछत्रांना देत आले आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

गेम कमिशनच्या सभा सर्वांना खुल्या असतात आणि तिथे कोणालाही बोलता येते. १९०९ च्या कायद्याने ज्यांना परके ठरवले त्यांची नातवंडे आज त्या सभांत हक्काने भांडतात. आपल्या मुलांनीही तिथे जावे. बंदूक हाती न घेता बोलायचे असले तरी हरकत नाही, पण इतिहास माहीत करून घेऊन बोलावे.