दंतरोपण आणि रुग्णाचे वय

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात चढवणे म्हणजे दंतरोपण. दात चढवण्याआधीच्या काळात स्क्रू हाडाशी एकजीव झाला, तर ते प्रारंभिक यश. न जुळता सैल झाला, तर प्रारंभिक अपयश.

टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1952 मध्ये सशांच्या हाडांवरील प्रयोगांत दिसले. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. तिशीतल्या त्या माणसाने ते दात 2006 मध्ये मृत्यू येईपर्यंत वापरले.

स्क्रू सुरुवातीला केवळ पकडीवर उभा असतो. भोवतीचे जुने हाड झिजते, नवे भरत येते. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सर्वांत कच्ची असते. उतारवयात हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात, म्हणून हा टप्पा लांबू शकतो. पण लांबणे म्हणजे फसणे नव्हे. खालच्या जबड्याला सुमारे 3 आणि वरच्याला 6 महिने देण्याची मूळ पद्धत वृद्धांना मानवते. घरोघरी ऐकू येणारे ‘आता या वयात कशाला?’ हे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. ऐंशीच्या आजींच्या खालच्या जबड्याचा पुढचा भाग टणक असेल, तर तिथे स्क्रू छान धरतो. चाळिशीतल्या माणसाच्या वरच्या दाढांमागचे पोकळसर हाड मात्र दगा देऊ शकते, त्यातून तो सिगारेट ओढणारा असेल तर अधिकच. वयापेक्षा वयासोबत येणारे आजार पाहावेत: आटोक्यात नसलेला मधुमेह, जबड्यावर झालेले किरणोपचार, हाडांच्या ठिसूळपणावरची बिस्फॉस्फोनेट औषधे. औषधांची पूर्ण यादी दंतवैद्याला आधी दाखवणे अत्यावश्यक आहे.

वयाची खरी आडकाठी असते ती कोवळेपणी. मुलांच्या हाडात स्क्रू सहज जुळतो, पण नैसर्गिक दातांसारखा तो जबड्याच्या वाढीबरोबर सरकत नाही. शेजारचे दात पुढे येतात आणि रोपलेला दात खाली राहिल्यासारखा दिसतो. त्यामुळे चेहऱ्याची वाढ थांबेपर्यंत वाट पाहतात. मुलग्यांत ती मुलींपेक्षा उशिरा थांबते. एक्टोडर्मल डिसप्लेसियामुळे जन्मतःच बहुतेक दात नसलेली मुले याला अपवाद. त्यांच्या खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात लवकर रोपण करतात आणि मूल वाढेल तशी त्यावरची कवळी बदलत जातात.