तुलूजचा न्यायाधीश आणि फाशांचे गणित

सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये तुलूज येथे जे 'पार्लमां' होते ते कायदे करणारी सभा नव्हते. ते त्या प्रांताचे वरिष्ठ न्यायालय होते. पिएर द फर्मा हा १६३१ सालापासून या न्यायालयात काम पाहत असे. गणित हा त्याचा पोटाचा उद्योग नव्हे. सरकारी कामातून जो वेळ उरे तो तो गणितास देई. ग्रंथ छापण्याची त्यास हौस नव्हती, जे सुचे ते पत्रातून कळवावे किंवा पुस्तकाच्या समासात टिपून ठेवावे, एवढ्यावर त्याचे समाधान असे. कार्कावी नावाचा त्याचा एक सहकारी तुलूज सोडून पॅरिसला गेला आणि त्याच्यामुळे फर्माचा राजधानीतील विद्वन्मंडळाशी संबंध जुळला. आमच्या वाचकांपैकी ज्यांची हयात बदल्यांत गेली आहे, आणि ज्यांचा साहित्यसंसार मुख्यतः टपालावरच चालत आला आहे, त्यांस हे चित्र परके वाटू नये.

शाळेतील मुलांस संभाव्यतेचे गणित आज एका ओळीत शिकवितात: अनुकूल प्रकारांच्या संख्येस एकूण प्रकारांच्या संख्येने भागावे. सूत्र बरोबर आहे. परंतु प्रकार म्हणजे काय, आणि ते मोजावयाचे कसे, हे त्या ओळीत कोठेच येत नाही. यावर मोठमोठे पंडित अडखळले आहेत; मग मुले अडखळली तर नवल ते काय! हे सूत्र कसे जन्मास आले ते पाहिले म्हणजे अडचण नेमकी कोठे आहे ते कळते, म्हणून आम्ही ही जुनी हकीकत येथे मांडीत आहो.

प्रश्न असा होता. दोघांनी सारखा पण लावून खेळ मांडला आणि ठरलेले डाव पुरे होण्यापूर्वीच तो थांबवावा लागला, तर पणाची रक्कम वाटावी कशी? जमाखर्चाची दुहेरी नोंद छापील ग्रंथातून प्रथम मांडणारा इटालियन साधू लुका पाचोली याने १४९४ साली याचे उत्तर दिले. खेळ ६० गुणांचा, एकाचे ५० व दुसऱ्याचे २० झाले आहेत, तर ५ : २ या प्रमाणात वाटणी करावी. वरवर हे न्याय्य दिसते. पण १५५६ साली तार्ताल्याने त्यातील वैगुण्य दाखविले: एकाचे १० गुण झाले व दुसऱ्याचा एकही झाला नाही, अशा वेळी खेळ थांबला तर या हिशेबाने पहिल्याने सगळाच पण उचलावा काय? हा प्रश्न गणिताचा नसून न्यायनिवाड्याचा आहे, असे म्हणून तार्ताल्याने तो जवळजवळ सोडून दिला. पुढे शंभर वर्षांच्या आत तो सोडविणारांपैकी एक जण न्यायाधीशच निघावा, हा योग गमतीचा खरा.

१६५४ च्या उन्हाळ्यात पॅरिसहून ब्लेझ पास्कल याने फर्माशी या विषयावर पत्रव्यवहार केला. पास्कल तेव्हा एकतीस वर्षांचा होता. शव्हालिए द मेरे नावाच्या एका दरबारी गृहस्थाने त्याच्यापुढे जुगाराचे काही प्रश्न ठेवले होते. हा मेरे बुद्धिमान आहे, पण भूमितीज्ञ नाही आणि ही मोठीच उणीव होय, असा शेरा पास्कलने २९ जुलैच्या पत्रात मारला आहे. त्याच पत्रात त्याने आपली रीत दिली आहे. प्रत्येकाने ३२ सुवर्णनाणी लावली, म्हणजे एकूण ६४. जो आधी तीन डाव जिंकील त्याने ती सर्व घ्यावयाची. समजा, पहिल्याचे दोन व दुसऱ्याचा एक डाव झाला आहे. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्यास ६४ मिळतील. हरला तर दोघे बरोबरीत येऊन त्यास ३२ मिळतील. तेव्हा ३२ तर त्याची झालीच; वाद उरला तो दुसऱ्या ३२ चा, त्या निम्म्या वाटाव्या. म्हणून त्याचा हक्क ४८ चा. आता दोन विरुद्ध शून्य अशी स्थिती घ्या: हरला तरी तो आधीच्या स्थितीत, म्हणजे ४८ वर येतो, राहिलेल्या १६ च्या निम्म्या ८ मिळवून ५६ झाली. एक विरुद्ध शून्य असेल तर जिंकल्यास ५६ व हरल्यास ३२, म्हणून ४४. मागे काय झाले याकडे न पाहता पुढे काय होऊ शकते याचाच विचार करून हक्क ठरवावा, ही या रीतीतील खरी नवी गोष्ट. पाचोली मागे पाहत होता.

फर्माची रीत निराळी. एक विरुद्ध शून्य या स्थितीत पहिल्यास दोन डाव हवे आहेत, दुसऱ्यास तीन. चार डावांत निकाल लागलाच पाहिजे. चार डावांचे १६ प्रकार होतात. त्यांपैकी ११ प्रकारांत पहिला निदान दोन डाव जिंकतो, ५ प्रकारांत दुसरा निदान तीन. तेव्हा वाटणी ११ : ५. चौसष्टाचे अकरा सोळांश म्हणजे ४४! सत्य तुलूजला आणि पॅरिसला एकच असते, अशा अर्थाचे उद्गार पास्कलने याच पत्रव्यवहारात काढले, ते उगीच नव्हेत.

येथे रोबेर्वाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने हरकत घेतली. ती पास्कलने २४ ऑगस्टच्या पत्रात फर्मास कळविली आहे. पहिल्याने पहिले दोन डाव जिंकले की खेळ संपला. मग जे डाव खेळले जाणारच नाहीत ते मोजावयाचे कशासाठी? आमच्या मते सबंध विषयाची किल्ली या हरकतीत आहे. पास्कलचे उत्तर असे की, निकाल लागल्यावर दोघांनी आणखी दोन डाव करमणूक म्हणून खेळले तरी निकालात काही फरक पडत नाही. मात्र ते मोजल्याने सर्व प्रकार सारख्या वजनाचे होतात. अपुरे डाव आणि पुरे डाव एकाच रांगेत बसवून मोजले तर भारी आणि हलके एकाच भावाने विकल्यासारखे होईल.

आणि नेमकी हीच चूक पुढे शंभर वर्षांनी दालांबेर याने केली. नाणे दोनदा उडवावयाचे. एकदा तरी छापा पडण्याची शक्यता किती? १७५४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्वकोशाच्या खंडात तो म्हणतो: पहिल्यांदाच छापा पडला तर काम झाले, नाही तर काटा-छापा किंवा काटा-काटा. प्रकार तीन, अनुकूल दोन, म्हणून दोन तृतीयांश. खरे उत्तर तीन चतुर्थांश आहे, कारण त्याच्या पहिल्या प्रकाराच्या पोटात छापा-छापा व छापा-काटा असे दोन प्रकार दडलेले आहेत. सूत्र त्याने बिनचूक वापरले, मोजणी चुकली. गॅलिलिओने याच जातीचा एक प्रश्न त्यापूर्वी सोडविला होता. तीन फाशांची बेरीज ९ सहा तऱ्हांनी होते व १०ही सहा तऱ्हांनीच होते. तरी जुगाऱ्यांचा अनुभव असा की १० थोडे अधिक वेळा पडते. १-२-६ ही तऱ्हा फाशांच्या क्रमाने सहादा येते, ३-३-३ एकदाच. असे मोजल्यास २१६ पैकी २५ प्रकार नवाचे आणि २७ दहाचे निघतात. घरात तीन फासे असतील तर वडिलांनी मुलांस हे मांडून दाखवावे. सूत्र पाठ करवून घेण्यापेक्षा त्या एका संध्याकाळी अधिक पदरात पडेल.

आपल्याकडे हे का झाले नाही, असे कोणी विचारील. मोजण्याची साधने होती. षड्रसांचे सर्व मिळून ६३ प्रकार होतात हे भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, आणि त्यांच्या सिद्धान्ताच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख आमच्या खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला आहे. वनपर्वात ऋतुपर्ण राजा दोन फांद्यांवरून बेहड्याच्या झाडाची पाने व फळे सांगतो आणि नळास अक्षविद्या देतो, हीही कथा सर्वांच्या परिचयाची. पण नमुन्यावरून अंदाज करणे निराळे आणि डावातील हक्काचे माप ठरविणे निराळे. त्या कथेत हे शास्त्र होतेच असा अभिमान धरणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पत्रव्यवहार १६५४ च्या शरदात थांबला. त्याच्या सुमाराने ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५७ साली या विषयावरील पहिली छापील पुस्तिका काढली. फर्मा व पास्कल यांची मात्र भेट झालीच नव्हती. १६६० च्या जुलैत फर्माने लिहिले की, आपण तुलूज व क्लेर्मों यांच्या मधल्या वाटेवर कोठे तरी भेटू. पास्कलने ऑगस्टात क्लेर्मोंजवळून उत्तर धाडले: काठीवाचून चालवत नाही, घोड्यावर बसवत नाही, गाडीतून तीनचार कोसांपलीकडे जाता येत नाही. दोन वर्षांनी तो पॅरिसमध्ये वारला. फर्मा १६६५ च्या जानेवारीत कास्त्र या गावी वारला. न्यायालयाच्या कामासाठीच तो तेथे गेलेला होता.