थायमॉल

ओवा चोळल्यावर येणारा झणझणीत वास मुख्यतः थायमॉलचा असतो. हे एक सुगंधी फिनॉल असून त्याचे रेणुसूत्र C₁₀H₁₄O आहे. ओव्याच्या बाष्पनशील तेलात ते भरपूर असते. युरोपातील थाइम या वनस्पतीतही आढळते. कास्पार नॉयमान यांनी 1719 मध्ये ते थाइमच्या तेलातून वेगळे केले.

थायमॉलचे स्फटिक रंगहीन असतात व सुमारे 50° से. ला वितळतात. पाण्यात ते फारच थोडे, पण अल्कोहॉलमध्ये सहज विरघळते. बाजारात ‘ओव्याचे फूल’ मिळते ते हेच. कापूर व पुदिन्याचे फूल (मेंथॉल) यांत ते मिसळले की तिन्ही घन पदार्थ उष्णता न देताच पातळ होतात, कारण मिश्रणाचा वितळबिंदू घटकांच्या वितळबिंदूंहून बराच खाली येतो. घरोघरी ठेवली जाणारी अमृतधारा अशीच बनते, आणि रसायनशास्त्र शिकवायला याहून सुंदर प्रयोग क्वचितच सापडेल.

जंतू व बुरशी यांच्या पेशीपटलाला थायमॉल इजा करते. म्हणून ते गुळण्यांच्या औषधांत व दंतवैद्यकात वापरतात. मधमाश्यांवरील व्हरोआ या परजीवी कोळिडाविरुद्धही ते पोळ्यांत ठेवतात. अंकुशकृमींवर पूर्वी ते मोठ्या मात्रेत देत. सुरक्षित औषधे आल्यावर ती पद्धत मागे पडली. शुद्ध स्फटिक त्वचेला भाजतात, त्यामुळे ते तसेच चाटणे किंवा लहान मुलांना देणे धोक्याचे आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी भारतीय ओवा जर्मनीला जाई व तेथे थायमॉल काढले जाई. आता ते मुख्यतः मेटा-क्रेसॉल व प्रोपिलीन यांपासून बनवतात. त्याच्या हायड्रोजनीकरणाने मेंथॉल मिळते.