चिठ्ठी कधी फाडायची?

‘पोलिसांनी संशयिताचा सीडीआर काढला’ हे वाक्य मराठी बातम्यांत इतकं रुळलंय, की सीडीआर हे पोलिसांचंच काही खास हत्यार असावं असं वाटतं. खरं तर ती वाण्याच्या वहीतली नोंद. कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ. उधारी वसूल करण्यापुरतं.

तिचा मूळपुरुष कागदी. ट्रंक कॉल लावायचा तर ऑपरेटर चिठ्ठी भरायची. इकडचा नंबर, तिकडचा नंबर, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, आणि पीपी, म्हणजे ठरावीक माणसाशीच बोलायचा कॉल असेल तर त्याचं नाव. अमेरिकेत कॅल्क्युलाग्राफ नावाचं घड्याळ अशा चिठ्ठीवर वेळेचा ठसा मारायचं. आपल्याकडे तीन मिनिटं भरली की ऑपरेटर मधेच बोलायची आणि अर्धं वाक्य घशात अडकायचं.

एक्स्चेंज स्वयंचलित झालं आणि चिठ्ठी गेली. तिच्या जागी प्रत्येक ग्राहकाच्या नावाचं मीटर आलं. 1960 मध्ये लखनौ-कानपूर एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट लागणारा लांबचा कॉल, सुरू झाली. अशा कॉलमध्ये गाव जितकं लांब, तितके मीटरचे ठोके जलद. तोच ‘पल्स’ पुढे मोबाइलच्या जाहिरातींत शिरला. पण मीटरला फक्त बेरीज यायची. बिल फुगलं म्हणून भांडायला गेलेल्याला आकडा दाखवला जाई. कॉल कुठे केले, हे त्या आकड्यात नव्हतंच.

चिठ्ठीचा पुनर्जन्म त्याआधीच दुसरीकडे झाला होता. 1948 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावी बेल कंपनीने कागदी फितीवर भोकं पाडून कॉल नोंदवायला सुरुवात केली. गंमत म्हणजे एका कॉलची नोंद फितीवर सलग नसायची. नंबर एकीकडे, पलीकडच्याने उचलल्याची वेळ दुसरीकडे, ठेवल्याची तिसरीकडे, आणि मधे इतरांचे कॉल. हिशेब केंद्रातली यंत्रं हे तुकडे जुळवून कॉल उभा करत.

मोबाइलमध्ये फितीची फाइल झाली. ती कच्ची उघडून पाहिली तर नंबरातले अंक दोन-दोनच्या जोडीने उलटे बसलेले दिसतात. 91 ने सुरू होणारा नंबर 19 ने. नवखा इंजिनिअर इथे हमखास गोंधळतो.

पण खरं डोकं लागतं ते चिठ्ठी कधी फाडायची हे ठरवायला. बोलणारा फोन ठेवतो तेव्हा नोंद बंद होते, ठीक. मोबाइल डेटा कोण ठेवतो? तो दिवसभर चालूच. नोंद उघडी ठेवून वाट पाहावी आणि मधेच कंपनीचं यंत्र बंद पडलं, तर दिवसभराचा हिशेब बुडाला. म्हणून यंत्राला मर्यादा घालून देतात. अमुक मिनिटं झाली किंवा अमुक एमबी झाले, की चालू नोंद बंद करायची, बंद करण्याचं कारण लिहायचं, पुढचा क्रमांक घालून नवी सुरू करायची. मर्यादा फार लहान ठेवली तर नोंदींचा पूर येतो, फार मोठी ठेवली तर धोका वाढतो. मला विचाराल तर यात एकच बरोबर आकडा नसतो. किती नुकसान सोसवेल, एवढाच प्रश्न असतो.

बंद झालेली नोंद हिशेबासाठी पुढच्या यंत्राकडे पाठवल्यावर पोच आली नाही, तर? दुसऱ्या यंत्राकडे पाठवताना तिच्यावर ‘कदाचित दुबार’ अशी खूण करतात. पहिल्याकडे ती आधीच पोचलेली असेल, तर ग्राहकाला तेच बिल दोनदा जायला नको.

आता बहुतेकांचं प्रीपेड आहे. पैसे कॉल चालू असतानाच कापले जातात. नोंदीवाचून वसुली अडत नाही. तरी डिसेंबर 2021 मध्ये दूरसंचार विभागाने ती जपण्याची मुदत एका वर्षावरून दोन वर्षं केली. गिऱ्हाईक आता तपासयंत्रणा आणि कोर्ट. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा नोंदीची नुसती छापील प्रत पुरावा म्हणून चालणार नाही, सोबत प्रमाणपत्र हवं.

मग कोर्टात दिलेल्या नोंदींच्या तक्त्यात एखाद्या लांबलेल्या कॉलच्या लागोपाठ तीन ओळी येतात. तिथे बोलणं एकच झालं, यंत्राने चिठ्ठी तीनदा फाडली, हे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून कंपनीच्या माणसाला समजावून सांगावं लागतं.