मसल मोटारगाडी : इतिहास व जीर्णोद्धार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सु. १९६४ ते १९७४ या काळात तयार झालेल्या, मध्यम आकाराच्या व तुलनेने स्वस्त गाडीत मोठ्या गाडीचे प्रबळ व्ही-८ एंजिन बसविलेल्या दोन दारांच्या मोटारगाड्यांना 'मसल कार' म्हणजे स्नायुबलाची गाडी असे म्हणतात. हे नाव या गाड्यांना काहीसे मागाहून चिकटले. सरळ रस्त्यावर कमीत कमी वेळात जास्तीत जास्त वेग गाठणे हा या गाड्यांचा मुख्य हेतू होता. वळणांवरील स्थैर्य, रोधकांची क्षमता व इंधनाची काटकसर या गोष्टी गौण मानल्या जात. पाव मैल म्हणजे सु. ४०२ मी. अंतर स्थिर अवस्थेपासून किती सेकंदांत तोडले जाते, हे त्यांच्या श्रेष्ठत्वाचे रूढ माप होते. आज या गाड्यांचा जीर्णोद्धार, त्यांच्या एंजिनांची जुळवणी आणि प्रदर्शनांतील त्यांचे परीक्षण यांभोवती एक स्वतंत्र कारागिरी उभी राहिली आहे.

ऐतिहासिक आढावा : या प्रकाराची बीजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आढळतात. ओल्ड्समोबिल कंपनीने १९४९ मध्ये आपल्या हलक्या गाडीत ५ लि. घनफळाचे व १३५ अश्वशक्तीचे नवे व्ही-८ एंजिन बसवून 'रॉकेट ८८' ही गाडी विक्रीस आणली. १९५५ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या 'सी-३००' या गाडीने ३०० अश्वशक्तीचा टप्पा गाठला. पण ती महाग व मोठी होती. १९५७ मध्ये अमेरिकन मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींना कारखान्यांनी पाठबळ देऊ नये, असा ठराव केला. तो सर्वांनी सारख्याच निष्ठेने पाळला नाही. तथापि १९६३ च्या आरंभी जनरल मोटर्सने आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यावयास लावले.

शर्यतींतील यशावर आपली प्रतिमा उभारणाऱ्या पाँटिॲक विभागापुढे यामुळे पेच निर्माण झाला. मध्यम आकाराच्या गाडीत सु. ५.४ लि. पेक्षा मोठे एंजिन घालू नये, असा जनरल मोटर्सचा नियम होता. जॉन डीलोरियन व त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी यातून एक पळवाट काढली. टेंपेस्ट ल मान्स या गाडीसाठी ग्राहकाने मागितल्यास द्यावयाचा जादा साहित्यसंच या स्वरूपात त्यांनी ६.४ लि.चे एंजिन उपलब्ध करून दिले. स्वतंत्र गाडी म्हणून त्याची नोंदच केली नाही. १९६४ सालच्या गाड्यांसाठी सु. ३०० डॉलर जादा आकारून मिळणारा हा संच म्हणजेच 'जीटीओ' होय. चार नळ्यांच्या एका कार्ब्युरेटरसह त्याची शक्ती ३२५ अश्वशक्ती, तर दोन नळ्यांच्या तीन कार्ब्युरेटरांसह ३४८ अश्वशक्ती होती. सु. ५,००० गाड्या खपतील असा अंदाज असताना पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या आणि १९६६ मध्ये जीटीओला स्वतंत्र गाडीचा दर्जा मिळाला.

या यशामुळे इतर कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. फोर्ड कंपनीने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेत मस्टँग ही छोटी गाडी सादर केली होती. तिच्यातही पुढे मोठी एंजिने बसविण्यात आली. क्रायस्लरने १९६६ मध्ये अर्धगोलाकार ज्वलनकक्ष असलेले ७ लि.चे व ४२५ अश्वशक्तीचे 'हेमी' एंजिन सामान्य ग्राहकाला उपलब्ध केले. १९६८ ची प्लिमथ रोड रनर ही गाडी चैनीच्या वस्तू वगळून मुद्दाम स्वस्त ठेवलेली होती. १९७० मध्ये जनरल मोटर्सने एंजिनाच्या घनफळावरील आपली मर्यादा उठविली आणि शेव्हेल गाडीत ७.४ लि.चे, ४५० अश्वशक्तीचे एंजिन आले. हा या स्पर्धेचा कळस समजला जातो.

ऱ्हासाची कारणे अनेक होती. तरुण चालकांच्या अपघातांमुळे विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते भरमसाट वाढविले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने निष्कास वायूंवर कडक मर्यादा घातल्या. कमी ऑक्टेन अंकाचे व शिसेविरहित पेट्रोल वापरता यावे म्हणून १९७१ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या एंजिनांचे संपीडन गुणोत्तर उतरविले. १९७२ पासून शक्ती मोजण्याची पद्धतही बदलली. पूर्वी पंखा, जनित्र, निष्कास नळ्या इ. बोजा न लावता मोजलेली स्थूल शक्ती जाहीर केली जाई. आता सर्व साहित्यासह मोजलेली निव्वळ शक्ती देणे सुरू झाले. १९७१ सालच्या शेव्हेलमधील ७.४ लि.च्या एका एंजिनाची स्थूल शक्ती ३६५, तर निव्वळ शक्ती २८५ होती, यावरून जुन्या जाहिरातींतील आकडे कितपत शब्दशः घ्यावेत याची कल्पना येते. ऑक्टोबर १९७३ मधील खनिज तेलाच्या कोंडीने उरलीसुरली मागणीही संपविली. मूळ परंपरेतील शेवटची जीटीओ १९७४ सालची होय.

जीर्णोद्धाराचा उगम : त्यानंतर काही वर्षे या गाड्या केवळ जुन्या व खादाड गाड्या म्हणून मिळेल त्या भावाने विकल्या गेल्या. पुष्कळ शर्यतींत मोडल्या, कित्येकांची एंजिने काढून दुसरीकडे वापरली गेली आणि बर्फाळ प्रदेशांत रस्त्यावर टाकण्यात येणाऱ्या मिठाने बऱ्याच गंजून गेल्या. १९८० नंतर, तारुण्यात या गाड्यांची स्वप्ने पाहिलेली पिढी मिळवती होऊन स्थिरावली, तेव्हा त्यांची मागणी वाढू लागली. काही प्रकार मुळातच अत्यल्प होते, उदा., हेमी एंजिनाच्या १९७१ सालच्या उघड्या टपाच्या प्लिमथ कुडा गाड्या अवघ्या ११ तयार झाल्या होत्या. अशा गाड्यांच्या किमती पुढे लाखो डॉलरांवर गेल्या व त्याबरोबरच अस्सल गाडी कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

अस्सलपणाचा पुरावा : मसल मोटारगाडी ही बहुधा साध्या कौटुंबिक गाडीचीच बलिष्ठ आवृत्ती असल्याने साध्या गाडीला योग्य एंजिन व चिन्हे लावून तिची हुबेहूब प्रतिकृती बनविता येते. प्रतिकृती म्हणून ती उघडपणे विकली तर त्यात गैर काही नाही. अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक होय. ती ओळखण्यास गाडीचा क्रमांक नेहमी पुरेसा पडत नाही. १९७२ पूर्वीच्या शेव्हरोले गाड्यांच्या क्रमांकावरून एंजिन सहा सिलिंडरांचे की आठ, एवढेच कळते; कोणत्या शक्तीचे ते कळत नाही. १९६४ व १९६५ च्या जीटीओचा क्रमांकही साध्या ल मान्सप्रमाणेच आहे. 'स्वतंत्र गाडी नव्हे' या मूळ पळवाटीचाच हा परिणाम होय.

त्यामुळे इतर पुरावे तपासावे लागतात. १९६८ पासून एंजिनावर व दंतचक्रपेटीवर गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला आढळतो. हे अंक जुळले तर गाडी 'जुळत्या क्रमांकांची' म्हटली जाते. एंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर ओतकामाची तारीख असते व ती गाडीच्या जुळणीच्या तारखेआधीची असावयास हवी. क्रायस्लरच्या गाड्यांत बॉनेटखाली सांकेतिक अक्षरांची धातूची पट्टी असते. तसेच कारखान्यात जुळणीच्या वेळी वापरलेला कागद कधीकधी आसनांच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. पाँटिॲकच्या विक्रीच्या नोंदी आणि फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी टिकून असून त्यांचे उतारे मिळू शकतात. गाडीचा क्रमांक बदलणे किंवा काढून टाकणे हा १९८४ च्या कायद्याने संघराज्यीय गुन्हा ठरविला आहे.

जीर्णोद्धाराची पद्धती : प्रथम गाडी जशी असेल तशी सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन नोंदविली जाते व मग सुटी केली जाते. शेव्हेल व जीटीओ या गाड्यांना वेगळा सांगाडा असल्याने त्यांची पेटी सांगाड्यावरून उचलता येते. मस्टँग व क्रायस्लरच्या गाड्यांत पेटी व सांगाडा एकजीव असतात. त्या आडव्या आसाभोवती फिरणाऱ्या चौकटीत धरून तळाचे काम करतात. जुना रंग रसायनांनी किंवा बारीक कणांचा मारा करून काढतात. मारा फार जोराचा झाल्यास पातळ पत्रा पोचतो. तळ, सामानकप्प्याची जमीन, मागील चाकांभोवतीचा पत्रा व मागील काचेचा पाया या ठिकाणी गंज विशेष आढळतो. टपावर व्हिनिलचे आवरण असल्यास त्याखाली पाणी साचून गंज अधिक वाढतो. कुजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा वितळजोडकामाने बसवितात. पत्र्याचे नवे भाग आता मोठ्या प्रमाणावर तयार होतात, इतकेच नव्हे तर १९६७ च्या मस्टँगची व १९६९ च्या कॅमॅरोची संपूर्ण पेटीही नवी मिळते. साहजिकच, मूळ गाडीचा किती अंश उरला म्हणजे ती तीच गाडी म्हणावयाची, हा प्रश्न उपस्थित होतो.

दुरुस्ती आणि पुरावा यांत कधीकधी थेट विरोध निर्माण होतो. शेव्हरोलेच्या व्ही-८ एंजिनावरील क्रमांक ठोकळ्याच्या ज्या पृष्ठावर सिलिंडर टोपण बसते त्याच पातळीत, पुढील बाजूस असतो. ते पृष्ठ सपाट करण्यासाठी यंत्रावर घासले तर एंजिन सुधारते. पण क्रमांक नाहीसा होतो व गाडीचे मूल्य कायमचे घटते. म्हणून जाणकार कारागीर तेवढी जागा राखून काम करतात. रंगाचीही तीच गोष्ट आहे. कारखान्यातील रंगकाम घाईचे असे. कडांवर फवारा उडालेला, तळावर रंगाचे ओघळ, तपासनिसांच्या खडूच्या खुणा असे. आजचा चकचकीत पारदर्शक थर दिलेली गाडी मूळ गाडीपेक्षा देखणी दिसते; पण ती इतिहासाशी प्रामाणिक राहत नाही. याला 'अतिजीर्णोद्धार' म्हणता येईल.

एंजिनाची जुळवणी : या एंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसल्याने त्यांची कार्यक्षमता कारागिराच्या हातावर व कानावर अवलंबून असते. वितरकातील संपर्कबिंदूंमधील फट, ठिणगीची वेळ, कार्ब्युरेटरमधील इंधन व हवेचे प्रमाण आणि काही एंजिनांत झडपांची फट या गोष्टी क्रमाने जुळवितात. वेग वाढतो तशी ठिणगी लवकर पडावी म्हणून वितरकात केंद्रोत्सारी वजने असतात. पूर्ण वेगात ती दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वी भुजादंडाच्या सु. ३४ ते ३८ अंश आधी पडावी, अशी जुळवणी बहुतेक व्ही-८ एंजिनांत करतात. ठिणगी फार लवकर पडल्यास एंजिनात ठोके बसून दट्ट्ये फुटण्याचा संभव असतो.

इंधन व तेल बदलल्याने काही नव्या अडचणी उद्‍भवल्या आहेत. संयुक्त संस्थानांत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १ जानेवारी १९९६ पासून बंद झाले. शिशाचा थर निष्कास झडपांच्या बैठकांचे रक्षण करीत असे. म्हणून आता तेथे कठीण धातूची कडी बसवितात. १०.५ वा अधिक संपीडन गुणोत्तराच्या एंजिनांना आजचे पेट्रोल पुरेसे ठोकारोधक नसल्यास दट्ट्ये बदलावे लागतात किंवा ठिणगी उशिरा पाडावी लागते. पेट्रोलमधील एथिल अल्कोहॉलामुळे जुन्या रबरी नळ्या खराब होतात. आधुनिक वंगण तेलांत जस्ताच्या संयुगाचे प्रमाण कमी असल्याने सपाट ढकलदांड्यांचा कॅम दंड लवकर झिजतो. नवा कॅम दंड बसविल्यावर एंजिन प्रथम सु. २० मिनिटे, मिनिटास २,००० किंवा अधिक फेऱ्यांच्या गतीने चालवून तो मुरवितात.

प्रदर्शन व परीक्षण : परीक्षणाची शिस्त प्रथम कॉर्व्हेट या क्रीडागाडीच्या चाहत्यांनी बसविली. इलिनॉय राज्यातील 'ब्लूमिंग्टन गोल्ड' हे प्रदर्शन १९७३ मध्ये, तर कॉर्व्हेटच्या जीर्णोद्धारकांची राष्ट्रीय संस्था १९७४ मध्ये सुरू झाली. या संस्थेच्या परीक्षणात मूळपणा व अवस्था यांचे गुण वेगळे असतात आणि सर्वोच्च श्रेणीसाठी ९४ टक्के गुण लागतात. गाडी किती सुंदर आहे यापेक्षा ती कारखान्यातून बाहेर पडताना होती तशी आहे काय, हे पाहिले जाते. हीच दृष्टी पुढे मसल मोटारगाड्यांच्या परीक्षणातही आली. शिकागोजवळील रोझमाँट येथे २००९ पासून भरणारे 'मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स' हे त्यांचे प्रमुख प्रदर्शन होय. खिळे-बोल्टांवरील विलेपन, रबरी नळ्यांवरील छापील अक्षरे व टायरांचा मूळ प्रकार येथवर तपासणी होते. याउलट डिट्रॉइटच्या उपनगरांतून १९९५ पासून ऑगस्टमध्ये निघणाऱ्या 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' या फेरीत गुणांना स्थान नाही. गाडी रस्त्यावर धावताना दिसणे एवढेच तेथे अपेक्षित असते.

जतन की जीर्णोद्धार : या क्षेत्रात आज तीन दृष्टिकोन आढळतात. एक पक्ष गाडी मूळ रूपात आणणे इष्ट मानतो. दुसरा पक्ष जुन्या पेटीत इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपणाचे एंजिन, चकती रोधक इ. आधुनिक साहित्य घालून ती सुरक्षित व वापरण्याजोगी करतो. तिसऱ्या पक्षाच्या मते झिजलेला पण मूळ रंग, फाटके आसन व कामगारांच्या खुणा हाच खरा दस्तऐवज असून तो एकदा पुसला की पुन्हा निर्माण करता येत नाही. १९६८ च्या बुलिट या चित्रपटात स्टीव्ह मक्‌क्वीन यांनी चालविलेली हिरवी मस्टँग गाडी जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडातील लिलावात ३७.४ लाख डॉलरांना विकली गेली. त्या वेळेपर्यंत मस्टँगला मिळालेली ही सर्वाधिक किंमत होती. गाडीवरील गंज, पोचे व उडालेला रंग तसाच ठेवण्यात आला होता. ती केवळ चालण्याजोगी केली होती. या घटनेने तिसऱ्या पक्षाच्या म्हणण्याला बळकटी आली. तथापि गंजाने पोखरलेली गाडी हात न लावता ठेवल्यास तीही नष्ट होते. म्हणून मूळ भाग शक्य तितके राखावेत, बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवावी व ती नोंद गाडीबरोबर पुढील मालकाकडे जावी, हा मार्ग जाणकारांना सर्वाधिक ग्राह्य वाटतो.