वस्तादाची मिळकत

कुस्तीचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला जातो. कोणी कोणाला कोणत्या डावावर अस्मान दाखविले, कोणत्या जत्रेत फड किती रंगला, ह्याच्या कथा म्हातारी माणसे पारावर बसून रात्र रात्र सांगतील. पण ज्याने त्या पहिलवानाला घडविले त्या वस्तादाची चूल कशावर पेटत होती, हे विचारा. सांगणारा जरा घुटमळतो. ‘वस्ताद’ हा मूळचा ‘उस्ताद’. गवयाच्या उस्तादाला बिदागी मिळे, हे साऱ्यांना ठाऊक असते. मातीतल्या उस्तादाने पैसे घ्यावेत, हे मात्र आपल्याला आजही जरासे अवघड वाटते.

मला हा प्रश्न पडला तो धाराशिवच्या रस्त्यांवरच्या पाट्या वाचताना. जिल्ह्याच्या गावीच नव्हे, तर उमरगा-तुळजापूरकडेही आता जिम निघाले आहेत, आणि त्यांच्या पाटीवर ‘पर्सनल ट्रेनिंग’ हे शब्द दिसू लागले आहेत. एका शिष्याला एकट्याने शिकवायचे आणि त्याबद्दल दरमहा फी घ्यायची, असा हा धंदा. तो काढणाऱ्या तरुणांना तो अगदी नवा वाटतो. वास्तविक प्रश्न दोनशे वर्षांचा जुना आहे : शरीर कमावण्याची विद्या देणाऱ्याला पोटाला कोणी द्यायचे?

पेशवाईत ह्याचे उत्तर सोपे होते : धन्याने द्यायचे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निझामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल आले, त्यांनी पुण्याला आव्हान दिले, आणि बाळंभट्टदादा देवधरांनी सप्तशृंगीला जाऊन साधना केली व अलीला हरविले, ही कथा मल्लखांबाच्या प्रत्येक आखाड्यात सांगितली जाते. त्यातला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला तिच्यात वेगळीच गंमत दिसते. निझामाचे मल्ल निझामाच्या पैशावर पोसलेले, पेशव्यांचे मल्ल पेशव्यांच्या. कुस्ती जणू दोन खजिन्यांची. शिष्याच्या बापाने महिन्याच्या पहिल्या तारखेला वस्तादापुढे रुपये मोजले, असे ह्या कथेत कोठेही नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला, आणि ही विद्या काशी-बडोद्याकडे नवे धनी शोधीत गेली.

ह्या पद्धतीचे शेवटचे आणि सर्वांत थोर रूप म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराजांनी तालमींना हात दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. खुराक म्हणजे काय, हे फराळाच्या ताटावर बसलेल्या वाचकांना सांगायला हवे. दूध, तूप, बदामाची थंडाई, मांस, आणि तेही पाव-अर्धा शेर नव्हे. पहिलवान पोसणे म्हणजे दारात हत्ती बांधणे. हत्ती राजालाच परवडतो.

आता आमच्या धाराशिवकडे वळू. हा मुलूख निझामाच्या राज्यात, सातव्या निझामाच्या नावावरून ‘उस्मानाबाद’ म्हटला गेलेला. पाऊस बेताचा, जमीन कोठे काळी तर कोठे माळरान. दूधदुभते मात्र चांगले. भूमचा खवा आणि उस्मानाबादी शेळी ह्यांनी आमच्या जिल्ह्याचे नाव जेवढे पसरविले तेवढे पुढाऱ्यांनीही पसरविले नसेल. पण खुराक पुरवील असा शाहू राजा इथे कोणी नव्हता. इथे धनी होता तो गाव.

गावाची पद्धत अशी. वर्गणी जमवायची आणि ग्रामदैवताच्या जत्रेत फड भरवायचा. सुरुवातीला पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग नारळावर, मग रुपयांवर, आणि शेवटची मानाची कुस्ती मोठ्या इनामाची. इनाम पहिलवानाचे. वस्तादाला नारळ, फेटा आणि मान. फेटा सुंदर दिसतो. तो शिजविता येत नाही. म्हणून आमच्याकडचा वस्ताद बहुतकरून मुळात शेतकरी, आणि पहाटे नि संध्याकाळी वस्ताद. आखाड्याची माती चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळायची, ह्यालाही खर्च लागतो; तो कधी एखाद्या जमीनदाराने दिला, कधी वस्तादाच्याच घरून गेला. वस्तादाच्या बायकोचे ह्यावर काय मत होते, हे इतिहासकारांनी लिहून ठेवले नाही, आणि ते बरेच झाले.

त्यात सरकारची वक्रदृष्टी. हैदराबाद संस्थानात खाजगी शाळा काढायला जशी परवानगी लागे तशीच आखाडा काढायलाही लागे. चार तरुण लंगोट लावून जमले की राज्यकर्त्यांना त्यात उद्याची फौज दिसे. १९३८-३९ च्या आर्यसमाजाच्या सत्याग्रहात ज्या गाऱ्हाण्यांचा उच्चार झाला त्यांत आखाड्यांवरची ही बंधनेही होती. ज्या विद्येला परवाना लागतो, आणि परवाना मागणारा संशयित ठरतो, तिचा धंदा कसा व्हावा? पुण्या-मुंबईकडे ह्याच काळात व्यायामशाळा निघत होत्या, वर्गणीदार मिळवीत होत्या. मराठवाडा ह्या बाबतीत मागे पडला त्याचे कारण अंगातली रग कमी होती हे नव्हे.

तिकडे विलायतेत ह्या प्रश्नाचे अगदी निराळे उत्तर एका माणसाने शोधून काढले होते. त्याचे नाव युजेन सँडो. जन्माने प्रशियाचा, उपजीविकेने प्रथम नाटकगृहांतून ताकदीचे खेळ करणारा. त्याने १८९७ साली लंडनमध्ये आपली व्यायामसंस्था उघडली, पुढल्याच वर्षी मासिक काढले, व्यायामाची साधने विकली, आणि टपालाने धडे पाठविले. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याची खरी करामत दंडात नव्हती, फितीत होती. येणाऱ्याची छाती, दंड, कंबर मोजायची, कागदावर लिहायची, त्या माणसापुरता व्यायाम ठरवून द्यायचा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचे. आकडा बदललेला दिसला की माणूस पुढची फी आनंदाने देतो. धनी राजा नाही, गाव नाही. धनी शिष्य स्वतः. आणि शिष्य तरी कोण? मल्ल नव्हे, खुर्चीत बसून पाठ वाकलेला कारकून.

सँडोचे वारे आपल्याकडेही भरले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी त्याची साधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे तो व्यायाम केला, आणि मग सारे सोडून ते सूर्यनमस्काराकडे वळले. नमस्कारांचा त्यांनी जो प्रसार केला तो सर्वश्रुत आहे. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू झाले, १९३८ साली इंग्रजीतूनही त्यावर पुस्तक निघाले. आरोग्याच्या दृष्टीने हे थोर कार्य. पण शिक्षकाच्या धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर सूर्यनमस्काराइतका वैरी दुसरा नाही! एक सतरंजी, पहाटेची वेळ, बस्स. एकदा शिकले की शिक्षकाची गरज संपली. राजाने प्रजेला फुकट दिलेली वस्तू पुढे कोणी विकायची?

बंगळुरात के. व्ही. अय्यर ह्यांनी मात्र दोन्ही वाटा जोडल्या. त्यांनी व्यायामशाळा चालविली, टपालाने अभ्यासक्रम दिले, सूर्यनमस्कारही शिकविले आणि पुस्तकेही लिहिली. प्रत्येक शिष्याची मापे आणि प्रत्येकाला वेगळे पत्र, ही सँडोची रीत त्यांनी आपलीशी केली. तरीही म्हैसूरच्या महाराजांचा आश्रय त्यांना लाभला होताच. राजा पूर्णपणे सुटला नव्हता.

आपण मराठी माणसांनी तिसरीच वाट धरली, ती संस्थेची. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव हे जुम्मादादांचे शिष्य. त्यांनी सांघिक व्यायामाला आपल्या भाषेतले हुकूम दिले आणि शिष्यांच्या पिढ्या तयार केल्या. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद त्यांच्याच हाताखाली शिकले. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी लावलेल्या रोपाचा हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा वृक्ष झाला, आणि तिथून शिकून बाहेर पडलेले शिक्षक शाळाशाळांतून नोकरीला लागले. ह्या वाटेने वस्तादाला प्रथमच महिन्याचा पगार मिळाला. तो ‘पी. टी.चे सर’ झाला. पण सरांच्या वाट्याला एका तासात पन्नास-साठ मुले आली. सँडोची फीत तिथे पुरी पडत नाही.

आता आमच्याच मातीतले उदाहरण सांगतो. निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगड हे गाव. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते. तिथले हरिश्चंद्र बिराजदार. मुलगा ताकदीचा, पण शिकायला जायचे कोठे? कोल्हापूरला. गंगावेस तालमीत ते तयार झाले, १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले. खासबाग बांधणारा राजा १९२२ सालीच गेला होता, संस्थानेही संपली होती. पण त्याने घडविलेली व्यवस्था पन्नास वर्षांनंतरही आमच्या जिल्ह्यातल्या पोराला पुरली. राजाश्रय म्हणजे काय, हे मला तरी ह्या एका गोष्टीवरून जेवढे कळले तेवढे ग्रंथांवरून कळले नाही.

कुस्ती थांबल्यावर बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. सारे त्यांना मामा म्हणत. २००६ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, २०११ साली ते वारले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांचा शिष्य. त्याने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ते पाहायला मामा नव्हते. वस्तादाची कमाई ही अशी उशिरा हाती लागते, कधी कधी तो नसताना.

धाराशिवात तर आता दिवस पुष्कळ पालटले आहेत. २०२३ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा आमच्या गावी भरली. खो-खोत सारिका काळे हिने इथूनच सुरुवात केली, देशाचे कर्णधारपद भूषविले आणि २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळविला. तिच्यामागेही वर्षानुवर्षे मैदानावर उभे राहणारे प्रशिक्षक होते. ह्या मैदानांवरची मुले बहुधा हातावर पोट असलेल्यांची असतात. त्यांच्याकडून फी घेऊन कोणाचा धंदा चालेल?

इथेच त्या पाट्यांचा अर्थ लागतो. ‘पर्सनल ट्रेनिंग’ला येणारा तो नव्हेच. तो चाळिशी उलटलेला व्यापारी, शिक्षक, वकील. रक्तात साखर निघालेला, पोट सुटलेला, डॉक्टरांनी दम दिलेला. सँडोचा कारकून सव्वाशे वर्षांनी आमच्या गावी पोचला आहे, एवढेच.

ओळखीच्या एका जिमवाल्याने आपला हिशेब मला समजावून सांगितला. आकडे मी सोयीसाठी गोल केले आहेत. लोकांना वेळ असतो पहाटे चार तास आणि संध्याकाळी चार तास. दुपारी आरशाखेरीज जिममध्ये कोणी नसते. तासाला एक शिष्य धरला तर आठ शिष्य. प्रत्येकी तीन हजार रुपये म्हटले तरी चोवीस हजार, आणि त्यातून भाडे, वीज, यंत्रांच्या कर्जाचा हप्ता जायचा. तासाला तिघांना घेतले तर पैसा वाढतो, पण मग एकाची पाठ वाकडी होत असताना शिक्षक दुसऱ्याच्या मागे उभा असतो. तेव्हा ह्याने तोड काढली : एक तुकडी सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुसरी मंगळवार-गुरुवार-शनिवार. तासाला शिष्य एकच, पण आठांचे सोळा झाले; फी दोन हजारांवर आणली तरी बत्तीस हजार. शिवाय प्रौढ अंगाला मधला दिवस विश्रांती मिळते ती वेगळीच. फी तीन महिन्यांची आगाऊ, कारण दिवाळीनंतर निश्चय करणारे पुष्कळ आणि संक्रांतीपर्यंत टिकणारे थोडे. नवा शिष्य शोधण्यापेक्षा जुना टिकविणे स्वस्त पडते, हेही त्याने ठेच लागल्यावरच ओळखले. वह्या मात्र तो पहिल्या दिवसापासून लिहीत आला : वजन, कंबर, रक्तातील साखर, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या घरी लग्न असल्याने पंधरा दिवस खाडा.

मी विचारले, “आणि पहिलवान पोरं? ती येत नाहीत का तुझ्याकडे?”

“येतात की. पहाटे चारला, जिम उघडायच्या आधी.”

“त्यांच्याकडून काय घेतोस?”

तो हसला. त्याचा आजा गावी आखाडा चालवीत असे, हे मला ठाऊक होते. त्याने खणातून दुसरी एक वही काढली. तिच्यात पाच नावे होती आणि नावांपुढे फी नव्हती. दूध, अंडी आणि बदाम ह्यांची उधारी लिहिलेली होती, दुकानदाराच्या सहीनिशी. सोळांपैकी दोघांची फी दरमहा ह्या वहीत जाते, म्हणाला. त्या दोघांना ते माहीत नाही. त्यांपैकी एकजण गावातला मोठा सराफ आहे आणि गेल्या वर्षात त्याची कंबर तीन इंच उतरली आहे.