पाटी, साक्ष आणि मजकूर : शोधयंत्रांच्या तीस वर्षांचा हिशेब



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्यानं मला फोन केला. म्हणाला, "सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता वेबसाइट वर कशी आणायची ते सांगणार?" मी म्हटलं, अरे बाबा, वर कशी आणायची ते नाही सांगणार. वर येण्याचा अधिकार कुणाचा, यावर बोलणार आहे. आणि हा प्रश्न प्लेटोइतका जुना आहे.

पण सुरुवात प्लेटोपासून नको, कल्हईपासून करू.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिच्या सासऱ्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती आणि कल्हई. तिनं दुकानाची वेबसाइट काढली आणि ती गूगलवर वर यावी म्हणून एका एजन्सीला दरमहा पैसे देऊ लागली. 'पहिल्या पानावर आणतो' असा शब्द मिळाला होता. आठ-दहा महिने गेले, गिऱ्हाईक काही येईना. एके दिवशी ती लॅपटॉप घेऊन घरी आली. "सर, तुम्ही एकदा वाचून बघा."

मी वाचलं. तीसेक पानं होती. प्रत्येक पानावर तोच मजकूर, फक्त गावाचं नाव बदललेलं. 'सर्वोत्तम तांब्याची भांडी' हे शब्द एकेका परिच्छेदात सात-सात वेळा. आणि कल्हई म्हणजे काय, ती कशाला करायची, किती टिकते, याबद्दल अवाक्षर नाही! मी विचारलं, "दुकानात माणूस आला की पहिलं काय विचारतो?" ती म्हणाली, "पितळेच्या पातेल्यात आमटी कळकली, आता काय करू? तांब्याच्या हंड्याला कल्हई लागते का? पातेलं किती दिवसांनी परत मिळेल?" मी म्हटलं, "मग ते इथं कुठं आहे?" ती गप्प झाली.

आता, एजन्सी लबाड होती एवढं म्हणून हात झटकता येतील. पण ती जे करत होती, ते एके काळी खरोखर चालत असे. म्हणजे ही लबाडी आहे तितकाच तो शिळा झालेला इतिहास आहे. तो इतिहास तीन पायऱ्यांत बघू.

पहिली पायरी यादीची. इंटरनेटच्या आधी छापील टेलिफोन डिरेक्टरी होती. नावं अकारविल्हे. अमेरिकेत काय झालं, तर कुलुपं दुरुस्त करणारा, गाड्या ओढून नेणारा, जो तो आपल्या धंद्याचं नाव 'एएए' असं काहीतरी ठेवू लागला. का? तर यादीत पहिला यावा म्हणून. कामाचा दर्जा तोच, फक्त नाव बदललं. लक्षात ठेवा, जिथं क्रम लागतो तिथं क्रमासाठी धडपड सुरू होते. यंत्र नंतर आलं, ही खोड आधीची आहे.

1994 साली स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आवडत्या संकेतस्थळांची यादी केली. तीच पुढे याहू झाली. तिथं माणसं बसून स्थळं बघायची आणि विषयवार खणांत टाकायची. हे ग्रंथपालाचं काम. आपल्या रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. याहूची मंडळी तेच करू बघत होती. पण पानं इतकी वाढली की माणसांचे हात पुरेनात.

मग दुसरी पायरी, पाटीची. डिसेंबर 1995 मध्ये अल्टाव्हिस्टा आलं. हे यंत्र पानातला शब्द न् शब्द वाचून सूची करायचं. मोठीच झेप होती ती. पण यंत्र पानाबद्दल कुणाला विचारायचं? तर पानालाच. तुझ्यात हा शब्द किती वेळा आहे? तू स्वतःबद्दल काय सांगतोस? पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणारी, शब्दांची एक चिठ्ठी ठेवायची सोय होती. तिला मेटा कीवर्ड म्हणतात. लोकांनी त्या चिठ्ठीत वाटेल ते भरलं. कुणी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शंभर वेळा लिहिला. माणसाला कोरी जागा दिसते, यंत्राला मजकूर दिसतो!

म्हणजे बघा, दुकानदारानंच पाटीवर 'उत्तम' लिहायचं आणि तोच पुरावा धरायचा. हे किती दिवस चालणार? गूगलनं सप्टेंबर 2009 मध्ये उघड सांगितलं की वेबशोधात क्रम लावताना आम्ही ही चिठ्ठी बघतच नाही. आणि माझ्या विद्यार्थिनीच्या पानांत एजन्सीनं त्या चिठ्ठीत साठेक शब्द भरून ठेवले होते! बंद पडलेल्या पेटीत पत्रं टाकत होते, आणि पोस्टाचे पैसे मात्र हिच्याकडून घेत होते. (हशा)

तिसरी पायरी साक्षीची. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथं जरा थांबू.

स्टॅनफर्डच्याच लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये आपल्या शोधयंत्राविषयी निबंध प्रसिद्ध केला. कल्पना विद्यापीठातलीच होती. संशोधनात एखादा लेख महत्त्वाचा कधी मानतात? तर इतर लेखक त्याचा दाखला देतात तेव्हा. यूजीन गारफील्ड यांनी 1960च्या दशकात अशा दाखल्यांची मोठी सूचीच छापायला घेतली होती. पेज-ब्रिन म्हणाले, एका पानानं दुसऱ्या पानाला दिलेली लिंक हासुद्धा दाखलाच. आणि ज्याला स्वतःला पुष्कळ दाखले आहेत, त्यानं दिलेल्या दाखल्याचं वजन जास्त. म्हणजे पानाला 'तू कसा आहेस' असं न विचारता शेजाऱ्यांना विचारायचं. अर्थात पानातले शब्दही बघायचेच, पण जोडीला साक्ष.

हे वाचलं तेव्हा मला आपलं न्यायदर्शन आठवलं. न्यायमतानुसार ज्ञानाची प्रमाणं चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं. पण कुणीही सांगितलेलं नाही, आप्तानं सांगितलेलं. आता मराठीत आपण आप्त म्हणजे नातलग समजतो. लग्नपत्रिकेत आप्तेष्ट असतात. न्यायातला आप्त वेगळा. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट ठाऊक आहे आणि जी जशी ठाऊक आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन अटी : जाण आणि सचोटी. जात-कूळ ही अट नाही. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतात की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सगळ्यांना सारखंच लागू.

मग गडबड कुठं झाली? लोकांनी न्यायातला आप्त सोडला आणि पत्रिकेतला आप्त धरला! साक्ष मोजतात म्हटल्यावर साक्षी विकत मिळू लागल्या. शेकडो पोकळ स्थळं उभी करायची आणि त्यांनी एकमेकांना दाखले द्यायचे, अगदी घरच्या माणसांनी घरच्या माणसाची तारीफ करावी तसं. याला लिंकफार्म म्हणतात. दुसरीकडे, लोक काय शोधतात ते बघून दिवसाला ढीगभर पोकळ लेख पाडणारे कारखाने निघाले.

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल जे निरीक्षण नोंदवलं, ते इथं तंतोतंत लागू पडतं. एखादं माप हेच उद्दिष्ट झालं की ते माप म्हणून कामाचं राहत नाही. परीक्षेतल्या गुणांचं आपण हेच केलं, नाही का?

गूगलनं प्रत्युत्तर दिलं. फेब्रुवारी 2011 मध्ये 'पांडा' नावाचा बदल आला आणि पोकळ मजकुराची पानं खाली गेली. हे नाव प्राण्यावरून नव्हे बरं का, नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून पडलं. अमेरिकेतल्या सुमारे 12 टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. एप्रिल 2012 मध्ये 'पेंग्विन' आला, त्यानं विकतच्या साक्षी धरल्या. त्याआधी 2006 मध्ये बीएमडब्ल्यूच्या जर्मन स्थळालाही काही काळ यादीबाहेर काढलं होतं. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच, असा प्रकार तिथं चालला होता.

आणि डिसेंबर 2022 मध्ये, निकाल तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात नैपुण्य, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला 'अनुभव' हा शब्द घातला गेला. ही काही थेट गुण देण्याची फूटपट्टी नव्हे, पण दिशा दिसते. लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केली आहे का? घुमूनफिरून वात्स्यायनांच्या दारात!

आता आपल्या घरातली एक गोष्ट. सुरुवातीच्या काळात मराठी संकेतस्थळं आपापल्या खास फॉन्टमध्ये असत. फॉन्ट उतरवून घेतला की पडद्यावर 'क' दिसे, पण आत साठवलेलं असे भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह. यंत्राच्या दृष्टीनं ते मराठी नव्हतंच. त्यामुळे कितीतरी चांगला मराठी मजकूर शोधात सापडायचाच नाही. युनिकोड रुळला तेव्हा हे सुटलं. पण आज आपण नवं कुलूप घालतो. दुकानाची सगळी माहिती एका रंगीत चित्रात टाकतो, किंवा नुसती इंग्रजीत लिहितो. गिऱ्हाईक मात्र घरच्या भाषेत विचारतं. 'कळकणे' या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधून बघा.

आता प्लेटो. 'गॉर्जियास' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की वैद्य आणि आचारी यांच्यात चढाओढ लावली आणि पंच म्हणून लहान मुलं बसवली, तर वैद्य उपाशी मरेल. वक्तृत्व हे त्याच्या मते त्या आचाऱ्याच्या जातीचं, रुचकर पण हिताचं नाही. बरेच जण या एसईओला असंच मोडीत काढतात. पण प्लेटो तिथं थांबत नाही. 'फीड्रस'मध्ये तो खऱ्या वक्तृत्वाची शक्यता मान्य करतो. त्याच्या अटी दोन : विषयाचं सत्य ठाऊक हवं आणि ऐकणाऱ्याचं मन ठाऊक हवं. छोट्या दुकानाच्या मजकुराला याहून वेगळी अट मला तरी दिसत नाही. पाटी पुसून ठेवणं, नाव-पत्ता-फोन सगळीकडे एकसारखा असणं, पानाला नेमकं शीर्षक देणं, नकाशावर दुकानाची नोंद करणं (ती फुकट होते), हे सगळं करावंच. ती फसवणूक नव्हे, ते दार उघडं ठेवणं आहे. पण दारातून आत आलेल्याला काहीतरी मिळालं पाहिजे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चांगलं ते वर येतंच, असं मी म्हणत नाही. 1998च्या त्याच निबंधात पेज-ब्रिन यांनी इशारा दिला होता की जाहिरातींवर जगणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल. दोन वर्षांनी त्यांच्याच कंपनीनं जाहिराती विकायला काढल्या. आज मोठ्या बाजारपेठांशी एका दुकानाची बरोबरी होत नाही, आणि आता तर यंत्र वरच्या वर स्वतःच उत्तर देऊन मोकळं होतं. न्याय मिळेलच असं नाही. पण विकतच्या साक्षीनं तो टिकत नाही, एवढं या तीस वर्षांनी दाखवलं.

माझ्या विद्यार्थिनीनं ती तीस पानं काढून टाकली. चार संध्याकाळी सासऱ्यांसमोर फोन ठेवून त्यांना बोलतं केलं. कल्हईला कथील का, नवसागर कशासाठी, पाणी ठेवायच्या हंड्याला कल्हई का करत नाहीत. रिकामं पातेलं गॅसवर विसरू नका, कथील 232 अंशांना वितळतं. सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवलं, त्यांच्या हातांचे फोटो लावले. चमत्कार झाला नाही. महिन्यात दहा-बारा फोन आले. त्यातल्या एक बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या, आजीचं पातेलं माळ्यावर सापडलं म्हणून विचारत होत्या. सासऱ्यांनी त्यांना सांगितलं, "ताई, एवढ्या लांबून पाठवू नका, तुमच्याच गावात कल्हईवाला बघा, आणि काम बरं झालं का ते असं ओळखा."

सूनबाई थोडी खट्टू झाली म्हणे, हातचं गिऱ्हाईक गेलं म्हणून. मी तिला एवढंच म्हटलं, "आप्त कोण, हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. तुझ्या सासऱ्यांनी ते फोनवर दोन मिनिटांत करून दाखवलं."

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.